गोळीबारावरचा चित्रपट फसतो कुठे? या चुका टाळा

खऱ्या सामूहिक गोळीबारावरचा चित्रपट बहुतेक वेळा पटकथेतच फसतो. लेखक हल्लेखोरामागे फरफटत जातो आणि ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ती माणसं नुसती गर्दी होऊन उरतात.

हल्लेखोराला जास्त पानं. त्याचं बालपण, आरशासमोरचा प्रसंग, बॅग भरतानाचा क्लोजअप. प्रेक्षक ज्याच्यासोबत जास्त वेळ काढतो त्याच्या नजरेने पाहू लागतो, मग संवादांत कितीही निषेध घाला. कॅनडातल्या माँट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात 6 डिसेंबर 1989 रोजी 14 स्त्रिया मारल्या गेल्या. त्यावरच्या 'पॉलिटेक्निक' (2009) या कृष्णधवल चित्रपटात मारेकऱ्याचं नावच घेतलेलं नाही, आणि सगळं 77 मिनिटांत आटोपलं आहे.

मरणारा आधीच ओळखू येणं. आईला फोन, 'उद्या भेटू', खिशात अंगठी. दहाव्या मिनिटाला प्रेक्षकाकडे यादी तयार! पात्राला मृत्यूशी देणंघेणं नसलेलं एखादं अर्धवट काम द्या. लोकलचा पास संपलाय, मेसचं बिल थकलंय, एवढंही पुरतं.

आवाज. सर्वात जास्त चुका इथे होतात. एके-47 च्या मॅगझिनमध्ये साधारणपणे 30 गोळ्या असतात आणि मिनिटाला सुमारे 600 चा वेग. सलग झाडल्या तर तीन सेकंदांत मॅगझिन रिकामं. पडद्यावर मात्र बंदूक मिनिटभर थांबत नाही. मॅगझिन बदलतानाची शांतता हीच पळण्याची वेळ असते, आणि नेमकी तिथेच व्हायोलिन वाजवली जातात. पार्श्वसंगीत काढा, ती शांतता मोकळी ठेवा. दुसरं, पहिले बार फटाक्यांसारखे वाटतात. 26/11 च्या रात्री मुंबईत अनेकांना तसंच वाटलं होतं. सीएसएमटीसारख्या उंच छताच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, दिशा कळत नाही, माणसं चुकून बंदुकीकडेच धावतात. म्हणून पहिल्या बारावर सगळ्यांना एकदम किंचाळायला लावू नका. काहीजण वळून पाहतील, काहीजण पाहणारही नाहीत.

गोळी लागून उडणारी माणसं. एके-47 ची गोळी सुमारे 8 ग्रॅमची, वेग सेकंदाला 700 मीटरच्या आसपास. 60 किलोच्या माणसाला तिच्या धक्क्याने मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम 10 सेंटीमीटरचा. तेव्हा स्टंटवाल्याला केबलने मागे खेचू नका. माणूस गुडघ्यांतून खचतो, कधी तसाच काही पावलं चालतोही. स्लो मोशन तर नकोच.

सेटवर खरी बंदूक. 21 ऑक्टोबर 2021 रोजी 'रस्ट' या हॉलिवूडपटाच्या सेटवर बंदुकीत जिवंत काडतूस निघालं आणि छायाचित्रकार हलाइना हचिन्स यांचा जीव गेला. रबरी किंवा गॅसवर चालणारी नकली बंदूक वापरा. नळीच्या तोंडची ज्योत नंतर संगणकावर, व्हीएफएक्समध्ये टाकता येते.

कुटुंबांना उशिरा विचारणं. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींत 15 मार्च 2019 रोजी 51 जण मारले गेले. 2021 मध्ये त्यावर जाहीर झालेला चित्रपट तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधानांभोवती फिरणार होता. मुस्लिम समाजाने कडाडून विरोध केला, एका निर्मातीने अंग काढून घेतलं, काम थांबलं. पटकथेचा पहिला खर्डा तयार होण्याआधी भेटा, आणि 'नाही' ऐकायची तयारी ठेवून भेटा.

मेणबत्त्यांवर शेवट. हल्ला शेवटी ठेवला की जखमींच्या शस्त्रक्रिया, साक्षी, खटला यांना जागाच उरत नाही. नॉर्वेतल्या हल्ल्यावरच्या '22 जुलै' (2018) ने गोळीबार सुरुवातीलाच उरकून पुढचा वेळ वाचलेल्यांना आणि खटल्याला दिला. रचना योग्य, तरी कोर्टात मारेकऱ्याला बोलायला मोठी जागा मिळते, आणि तिथे तोही घसरतो.