चोणकाची पिल्ले खाजणात जगवायची कशी

चोणक माशाच्या पिल्लाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बीजाच्या त्याच पिशवीतून आलेले, त्याच्याहून थोडे मोठे चोणकाचे पिल्लू. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो हाच मासा आपल्या लांबीच्या जवळजवळ दोन तृतीयांश लांबीचे भावंड सहज गिळतो. कधीकधी शेपूट तोंडाबाहेर राहून गिळणाराही गुदमरतो आणि सकाळी दोघे एकत्र तरंगताना दिसतात. चेन्नईच्या निमखारे जलसंवर्धन संस्थेने 1997 मध्ये या माशाचे बंदिस्त प्रजनन साधल्यापासून बीज मिळवणे सोपे झाले आहे. ते खाजणात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतल्या तळ्यात, जगवणे मात्र अजूनही आपल्याच हातात आहे.

बीज घेताना मोठेपणापेक्षा सारखेपणा पाहावा. घरी आणल्यावर पिल्ले थेट तळ्यात न सोडता हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवावीत आणि ती बोटभर होऊन पुढे हातभर उंचीच्या पाण्यात स्थिरावेपर्यंत दर चार-पाच दिवसांनी लहान, मध्यम व मोठी अशी निवडून वेगळी करावीत. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु महागड्या खाद्यापेक्षा त्याचाच उपयोग अधिक होतो. निवडणी पहाटेच्या गारव्यात, हात ओले ठेवून आणि आदल्या वेळचे खाद्य वगळून करावी. खाद्य दिवसातून तीन-चार वेळा द्यावे, कारण भुकेलेले पिल्लू शेजाऱ्याकडे वळतेच. खेकडे जाळी कातरतात, म्हणून हापा रोज तळापर्यंत चाचपून पाहावा.

तळ्याची तयारी त्याआधीच व्हायला हवी. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दारातून, भरतीबरोबर आलेले भक्षक मासे आत राहिले, तर निवडणीचा सारा खटाटोप वाया जातो. पाणी पूर्ण काढून तळ उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवावा. ते शक्य नसल्यास दर हजार घनमीटर पाण्याला 200 ते 250 किलो मोहाची पेंड टाकावी व तिचा विषारीपणा ओसरेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबावे. त्या काळात मानस बंदच ठेवावी, नाहीतर तेच पाणी नदीतल्या माशांना भोवेल. नंतर पाणी घेताना मानशीच्या तोंडाला बारीक जाळी लावावी.

सोडण्याच्या वेळी घाई नडते. पिशव्या तळ्याच्या पाण्यावर अर्धा तास तरंगू द्याव्यात, मग तळ्याचे पाणी थोडे-थोडे आत घालत क्षारता तासाला दर हजारी दोन-तीन भागांपेक्षा जलद बदलू देऊ नये. चोणक गोड्या पाण्यातही जगतो, पण हा बदल त्याला सावकाश हवा असतो. पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या काठच्या खाजणांतले पाणी काही दिवसांत गोडे होते, म्हणून जूनमध्ये आलेल्या बीजासाठी बीजकेंद्रालाच आधी क्षारता उतरवून द्यायला सांगावे आणि पहिल्या आठवड्यात पहाटे, प्राणवायू सर्वांत कमी असताना, पिल्ले पृष्ठभागावर तोंड उघडत आहेत का, हे पाहायला स्वतः बांधावर जावे.