गाणी ऐकण्यासाठी फोन पुरेसा आहे की स्वतंत्र प्लेअर घ्यावा?

सोनीचा पहिला वॉकमन जुलै १९७९ मध्ये आला, ॲपलचा आयपॉड २००१ मध्ये आला आणि मे २०२२ मध्ये कंपनीने तो बंद करत असल्याचे जाहीर केले. तरीही केवळ गाणी ऐकण्यासाठी बनवलेली उपकरणे संपलेली नाहीत; सोनी, फीओ, शानलिंग, हायबी अशा कंपन्यांचे प्लेअर आजही विकत मिळतात. ते घ्यावेत की नाही, या चर्चेची सुरुवात विक्रेते नेहमी आवाजाच्या दर्जापासून करतात. माझ्या मते सुरुवात वेगळ्या प्रश्नापासून करावी: तुमची गाणी आहेत कुठे?

ती स्ट्रीमिंग ॲपमध्ये असतील, तर बहुतेकांनी फोनवरच ऐकावे. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणे त्या ॲपबाहेर वाजत नाही. ते मेमरी कार्डावर घेऊन साध्या प्लेअरमध्ये टाकता येत नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये ही ॲप चालतात हे खरे, पण असे प्लेअर महाग असतात आणि त्यांतील अँड्रॉइडची आवृत्ती सहसा फारशी अद्ययावत होत नाही, त्यामुळे काही वर्षांनी प्लेअर धडधाकट असूनही ॲप त्यावर चालेनासे होण्याची शक्यता राहते.

याउलट सीडींवरून उतरवलेली, विकत घेतलेली किंवा कॅसेटवरून जपून डिजिटल केलेली गाणी तुमच्याकडे असतील, तर स्वतंत्र प्लेअरला अर्थ आहे. सीडीच्या दर्जाचे एक मिनिट साधारण १० एमबी जागा घेते. फ्लॅक या फाइलप्रकारात दर्जा तसाच राहून ती जागा निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे तासाभराच्या ख्यालगायनाला ढोबळमानाने ३०० एमबी लागतात आणि १२८ जीबीच्या कार्डावर चारशेच्या आसपास तासांचे संगीत मावते. फोनमध्ये हीच जागा छायाचित्रांना आणि व्हिडिओंना लागत असते, शिवाय कार्डाची खाच असलेले फोन कमी होत चालले आहेत.

आता आवाजाकडे वळू. डिजिटल फाइलचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी चिप, म्हणजे डॅक, कुठे तरी असावीच लागते. ब्लूटूथ इअरफोन वापरताना ती इअरफोनमध्ये असते आणि प्लेअरमधील महागडी यंत्रणा नुसती बसून राहते. म्हणून जे फक्त ब्लूटूथवर ऐकतात, त्यांनी आवाजासाठी म्हणून प्लेअर घेऊ नये. एलडॅक हा कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची एक पद्धत, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत (केबीपीएस) माहिती पाठवू शकतो, पण तो फोन किंवा प्लेअर आणि इअरफोन अशा दोन्ही बाजूंना असावा लागतो आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीच असतो. आयफोनमध्ये मात्र नसतो.

वायरचे हेडफोन वापरणाऱ्यांसाठी चित्र वेगळे आहे. फोनला हेडफोनचे छिद्र नसेल, तर आधी यूएसबीला लागणारा छोटा डॅक डाँगल, म्हणजे डॅक असलेली छोटी जोडणी, घेऊन पाहावा. घेताना त्यात खरोखर डॅक आहे ना, हे विचारून घ्यावे. काही स्वस्त जोडण्या नुसत्या वायरीच्या असतात आणि त्या ठरावीक फोनवरच चालतात. १६ ते ३२ ओहमच्या (ओहम हे विद्युत विरोधाचे माप) बहुतेक इअरफोनला चांगला डाँगल पुरतो. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागते. तिथे ताकदवान प्लेअरचा किंवा वेगळ्या अँप्लिफायरचा उपयोग होतो. पैसे मोजकेच असतील तर ते आधी हेडफोनवर खर्च करावेत, कारण आवाजात सर्वाधिक फरक तिथेच पडतो.

खर्च करण्यापूर्वी आपल्या कानांची परीक्षा घ्यावी. सीडीवरून एक रचना फ्लॅकमध्ये उतरवावी, तिचीच २५६ केबीपीएसची एएसी प्रत (काही तपशील गाळून लहान केलेली फाइल) करावी आणि संगणकावरील फूबार२००० या संगीत वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये एबीएक्स हा अशा चाचणीसाठीचा पूरक घटक बसवून कोणती प्रत वाजते आहे हे न पाहता ओळखण्याचा प्रयत्न करावा. दोन उपकरणांची तुलना करताना दोन्हींचा आवाज काटेकोरपणे सारखा ठेवावा, कारण किंचित मोठा आवाजही मनाला ‘अधिक चांगला’ वाटतो. भरगच्च तिहाईपेक्षा आलापीच्या सुरुवातीचा तानपुरा आणि डग्ग्याची मावळत जाणारी आस ऐकावी. फरक असलाच तर तो तिथे सापडण्याची शक्यता अधिक. फरक कळला नाही, तर पैसे वाचले असे समजावे.

प्लेअर घ्यायचे ठरलेच, तर दोन रचनांमध्ये खंड न पाडता तो वाजवतो का, हे सर्वांत आधी तपासावे. अनेक सीडींवर विलंबित आणि द्रुत बंदिशी वेगळ्या ट्रॅकमध्ये असतात, पण गायन सलग असते. मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता आली की सम हुकल्यासारखे होते. दुसरी गोष्ट देवनागरीची. अनेक छोट्या प्लेअरमध्ये अक्षरांऐवजी चौकोन दिसतात, किंवा ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षरे फुटतात. दुकानात आपले कार्ड घालून हे पाहता आले, तर उत्तम. खिशातूनच गाणे बदलता येईल अशी बटणेही असावीत.

कार्ड विश्वासू विक्रेत्याकडून घ्यावे आणि एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने ते रिकामे असतानाच तपासावे. खोटी क्षमता छापलेली कार्डे बाजारात पुष्कळ आहेत. मग टॅग, म्हणजे फाइलमध्ये नोंदवलेली गाण्याची, कलाकाराची नावे वगैरे माहिती, नीट करावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळले तर प्लेअरचा अर्धा उपयोग जातो. एमपी३टॅग या प्रोग्राममध्ये कलाकाराचे नाव सर्वत्र एकाच पद्धतीने लिहावे, नाही तर एकच गायक यादीत तीन ठिकाणी दिसतो. नावापुढे ‘पंडित’ लावले तर निम्मे घराणेदार गायक ‘प’ अक्षराखाली गोळा होतात. रागाचे नाव संगीतप्रकाराच्या रकान्यात टाकावे, म्हणजे संध्याकाळी पूरिया धनाश्रीची सगळी ध्वनिमुद्रणे एका जागी सापडतात.

घरातील ज्येष्ठांना फाइल, कार्ड यांचा व्याप नको असेल, तर २०१७ मध्ये आलेला सारेगामाचा कारवाँ हा स्पीकर अधिक सोयीचा. गाणी आधीच भरलेली असतात आणि त्याची मराठी आवृत्तीही आहे.

लोकलच्या किंवा एसटीच्या गोंगाटात ऐकणाऱ्यांनी प्लेअरपेक्षा कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनचा विचार करावा. ते नसतील तर आवाज वाढवला जातोच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे.

कॉल आणि संदेशांचा व्यत्यय हीच तुमची मुख्य तक्रार असेल, तर नवे काही घेण्याआधी कपाटातला जुना फोन काढावा. त्यातील आवश्यक माहिती दुसरीकडे घेऊन तो ‘फॅक्टरी रीसेट’ करून नव्यासारखा रिकामा करावा, सिम काढावे, विमान मोड लावावा आणि एकच संगीत ॲप ठेवून त्यात गाणी भरावीत. महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तेव्हा तो निम्मा चार्ज करून बंद ठेवावा; मात्र बॅटरी फुगून मागचे झाकण उचललेले दिसले, तर तो चार्जिंगला न लावता सरळ दुरुस्ती केंद्रात द्यावा.