मेटाबॉलिक सिंड्रोम आणि व्यायाम : सुरुवातीनंतरच्या या चुका टाळा

माझ्या पँटची कंबर पंधरा वर्षं चौतीसच होती, त्यामुळे पोट सुटलंय हे डॉक्टरांनी टेप लावेपर्यंत मला पटलंच नव्हतं. टेप ९८ सेंटिमीटरवर थांबली. पँट दरवर्षी थोडी पोटाखाली सरकत गेली होती, इतकंच.

आपल्या लोकांसाठी धोक्याची कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरपासून सुरू होते. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. या पाचांतले तीन जमले की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणारी जुळणी. माझे चार जमले होते. तेव्हापासून चार वर्षं व्यायाम चालू आहे. सुरुवात करणं सोपं गेलं. घोळ झाले ते नंतर.

वजनकाट्यावर रुसणं

तीन महिने घाम गाळला, वजन दीड किलोच उतरलं, की मंडळी बूट कपाटात टाकतात. मीही टाकले होते. पण आपल्या शरीराबद्दल काटा अर्धवटच सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! उलटही घडतं: वजन फारसं न हलता पोटाच्या आतली चरबी व्यायामाने कमी होते. म्हणून महिन्यातून एकदा टेप लावा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून. पोट आत ओढून घेतलेलं माप फेसबुकवरच्या फोटोपुरतं ठीक आहे.

शनिवार-रविवारची टेकडी आणि जूनचा खंड

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. दोन दिवस टेकडी, मग पाच दिवस खुर्ची. स्नायू काम करत असताना इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतात, आणि नंतरही काही काळ ते इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देतात. हा असर साधारण एक ते तीन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणजे रविवारची कमाई बुधवारपर्यंत संपलेली असते. साखरेचा प्रश्न असेल तर व्यायामाविना सलग दोन दिवसांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची १५० मिनिटं व्यायामाचीही अशी पसरलेली बरी.

आणि मग जून येतो. पहिले दोन दिवस पाऊस, तिसऱ्या दिवशी चिखल, चौथ्या दिवशी ‘उघडू दे जरा’, की थेट दसरा. माझी दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी घराखालीच सोय केली: दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा-पंधरा मिनिटं. जेवणानंतर चढणारी साखर या चालण्याने चांगलीच दबते, आणि छत्रीही लागत नाही. खंड पडलाच, तर जिथे सोडलं तिथून धरू नका. निम्म्यापासून सुरू करा. मी थेट टेकडी चढलो आणि गुडघ्याने आणखी तीन आठवडे घरी बसवलं.

फक्त चालणं, तेही गप्पा मारत

आमचा सकाळचा ग्रुप राजकारणावर बोलत चालतो. मुद्दा तापला की सगळे उभेच राहतात. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. (फेरीनंतरच्या वडापावबद्दल एवढंच: अर्ध्या तासात जाळलं त्याहून जास्त तो एकटा परत देतो.)

जेवणातली साखर साठवणारं मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि चालून ते फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात टेकून पुश-अप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. दहाच्या दोन फेऱ्या सहज जमल्या की वाढवा. वर्षभर तेवढंच करत राहिलात तर स्नायूही तेवढेच राहतील. जोर लावताना श्वास मात्र कोंडू नका, रक्तदाब एकदम उसळतो. मी मोठ्याने आकडे मोजतो. घरचे हसतात, पण मोजताना श्वास कोंडता येत नाही.

गोळ्यांचा हिशेब विसरणं

व्यायामाने रक्तदाब उतरतो, म्हणून स्वतःच गोळी बंद करणारे माझ्या ओळखीचे दोघे आहेत. डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. बीटा ब्लॉकर (रक्तदाबासाठी दिली जाणारी, नाडी मंदावणारी गोळी) चालू असेल तर नाडी हवी तशी वाढत नाही. मनगटावरच्या घड्याळाचं ऐकून जोर वाढवू नका, दम किती लागतो ते बघा. जोराच्या व्यायामानंतर लगेच साखर थोडी वर दिसली तर घाबरू नका, ती तात्पुरती असते. छातीत दाब, अचानक गार घाम किंवा चक्कर आली तर मात्र तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

नुसत्या मेटफॉर्मिनवर, म्हणजे मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीवर, साखर सहसा फार पडत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन असेल तर पडू शकते. हात थरथरले, अचानक घाम फुटला, ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला, की तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. चालायला जाताना साखरेच्या पुड्या खिशात असाव्यात. पावसाळ्यात त्या प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत ठेवा, नाहीतर खिशातच पाक होतो.