कारचे बाहेरचे बल्ब: कोणता घ्यावा, कसा बसवावा

कापूस निघायला लागला की आडरस्त्यांवर रात्री बिनलाइटच्या बैलबंड्या, ट्रॉल्या आणि मधूनच आडवे येणारे रोही (नीलगाय) हे सगळे एकाच वेळी सांभाळावे लागते. अशा रस्त्यावर एक हेडलाइट बंद असलेली कार समोरच्याला मोटारसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो. म्हणून महिन्यातून एकदा अंधार पडल्यावर गाडी पांढऱ्या भिंतीसमोर लावा आणि अप्पर (लांबचा उजेड), डिप्पर (जवळचा, खाली पडणारा उजेड), पार्किंग, इंडिकेटर तपासा. मग गाडी वळवून मागची बाजू भिंतीकडे करा. ब्रेक दाबून आरशात पाहिले की दोन्ही ब्रेक लाइट लागतात की नाही ते एकट्यालाही कळते.

दुकानात जाताना जुना बल्ब सोबत न्या, कारण त्याच्या धातूच्या बुडावर नंबर छापलेला असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या हेडलाइटला एच-४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट लागतो. अप्परला ६० आणि डिप्परला ५५. मोटारसायकलचा एचएस-१ दिसायला जवळपास तसाच असतो, पण तो ३५/३५ वॅटचा. मागच्या ब्रेक-पार्किंगला बहुधा पी-२१/५ डब्ल्यू असतो: ब्रेकसाठी २१ आणि पार्किंगसाठी ५ वॅट, अशा पेटणाऱ्या दोन तारा एकाच काचेत. त्याच्या बुडावरच्या दोन पिना वरखाली असतात. काच पांढरी असलेल्या इंडिकेटरला पिवळ्या रंगाचा पीवाय-२१ डब्ल्यू घ्या. नंबरप्लेटला डब्ल्यू-५ डब्ल्यू, म्हणजे बिनपिनेचा काचेचा छोटा बल्ब.

"जास्त उजेडाचा" म्हणून १००/९० वॅटचा बल्ब गळ्यात मारला जातो. तो घेऊ नका. ६० वॅटच्या बल्बला साधारण ५ अँपिअर करंट लागतो, १०० वॅटला ८ च्या वर. वायर तापणे करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरमध्ये जवळपास पावणेतीन पट उष्णता. आधी बल्बला वायर जोडणाऱ्या होल्डरचे प्लास्टिक वितळते, मग रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या वाटीचा, चकाकता थर करपतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बोनेटखाली आधीच भट्टी असते. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी घालण्याचेही तसेच. रिफ्लेक्टरची घडण बल्बमधल्या तारेच्या जागेप्रमाणे केलेली असते. उजेड तिथून हलला की तो वर उधळतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता काही जास्त दिसत नाही. इंडिकेटरला एलईडी लावला की करंट कमी लागतो, फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला) बल्ब गेल्यासारखे वाटते आणि इंडिकेटर भराभर लुकलुकू लागतो.

आता हेडलाइट. गाडी बंद करा, चावी काढा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा, कारण बल्ब हात भाजेल इतका तापलेला असतो. बोनेट उघडून दिव्याच्या मागचा तीन पिनांचा कपलर (वायरचा प्लास्टिकचा जोड) दोन्ही बाजूंनी धरून हळूहळू हलवत सरळ मागे ओढा. वायरला धरून ओढू नका. काही गाड्यांत एका दिव्यामागे बॅटरी येते आणि हात जात नाही. तेव्हा बॅटरी काढावी, पण काढताना आधी निगेटिव्ह आणि लावताना शेवटी निगेटिव्ह. मग रबरी टोपी काढा, तारेची क्लिप दाबून बाजूला सरकवा आणि बल्ब बाहेर घ्या.

नवा बल्ब फक्त धातूच्या बुडाला धरावा. बोटाचे तेल काचेवर राहिले की पेटल्यावर तिथेच काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. हात लागलाच तर मेडिकलमधल्या स्पिरिटने पुसा. सॅनिटायझर चालत नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असते. बुडावर तीन कान असतात, त्यांतला रुंद कान वर येतो. नीट बसला की बल्ब हलत नाही. हलत असेल तर जोर लावू नका, काढून पुन्हा बसवा. रबरी टोपी चारही बाजूंनी घट्ट दाबा, नाहीतर पावसाळ्यात दिव्यात वाफ धरते. कपलर लावण्यापूर्वी आतल्या धातूच्या पत्त्या पाहा. एखादी तपकिरी पडली असेल किंवा प्लास्टिक फुगले असेल तर कपलरही बदला, नाहीतर नवा बल्बही फार टिकत नाही. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला, दुसराही तेवढाच जुना आणि मंद झालेला असतो.

मागच्या दिव्याचे दोन-तीन स्क्रू काढले की तो बाहेर येतो. बल्ब थोडा आत दाबून डावीकडे फिरवा, सुटतो. होल्डरमध्ये हिरवट गंज दिसला तर पॉलिश पेपरची बारीक पट्टी फिरवा. दिवा परत लावताना रबरी गॅस्केट पिळलेले नाही ना, ते पाहा.

नवा बल्बही लागत नसेल तर आधी फ्यूज पाहा. लाल फ्यूज १० अँपिअरचा आणि निळा १५ चा असतो. जळालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला, तार कधीच नाही. फ्यूज लगेच पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. कुटाराच्या (गुरांच्या भुशाच्या) ढिगाजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली का, ते बघा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो, तेव्हा दोष बहुधा अर्थिंगचा असतो: दिव्यातून गाडीच्या बॉडीला जाणाऱ्या वायरचा नट गंजलेला किंवा ढिला. बल्ब वारंवार जात असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजायचा मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेल्यास अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडला असे समजा.

शेवटी सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी लावून डिप्पर सुरू करा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५-६ सेंटिमीटर खाली हवी आणि डावीकडे ती थोडी वर चढते. डिकीत पोती भरली की गाडीचे तोंड वर होते आणि उजेडही. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची चकती असेल तर ओझ्यानुसार ती पुढच्या आकड्यावर फिरवा आणि पोती उतरवली की परत ० वर आणा.