आजोबांचा गणवेशातला फोटो डिजिटल करताना रंग कसा सांभाळावा

ज्या सातारा जिल्ह्यात एका गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' आहे, तिथे घराघरांत देव्हाऱ्याशेजारी गणवेशातला फोटो दिसला तर नवल नाही. कुणाचे पणजोबा मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेले, कुणाचे आजोबा ब्रह्मदेशात, कुणाचे काका ६५ किंवा ७१ च्या लढाईत. आता ते फोटो पिवळे पडू लागलेत. घरातलं कुणीतरी मोबाईलने त्याचा फोटो काढतं आणि मोठा करून आणतं. मोबाईलवर चांगला दिसलेला चेहरा प्रिंटमध्ये हिरवट येतो, खाकी गणवेश चॉकलेटी होतो.

यात लॅबवाल्याचा दोष असेलच असं नाही. फाईलमध्ये रंग साठतो तो लाल, हिरव्या आणि निळ्याच्या आकड्यांत. तोच आकडा कॅमेरा, स्क्रीन आणि प्रिंटर आपापल्या परीने वाचतात. आकड्याचा नेमका अर्थ सांगणारी एक छोटी फाईल सोबत जोडतात, तिला प्रोफाईल म्हणतात. हे प्रोफाईल सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना सारखंच कळावं म्हणून १९९३ मध्ये इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम (आयसीसी) ही संस्था निघाली. आपल्यापुरतं सूत्र एवढंच की डोळ्यांवर विसंबायचं नाही. पिवळ्या बल्बखाली दहा मिनिटं बसलं की पिवळा कागदही पांढराच वाटायला लागतो.

पहिलं काम फ्रेमचं. फोटो काचेपासून सहज सुटत असेल तरच काढा. पावसाळ्याच्या दमटपणात जुन्या फोटोचा थर काचेला चिकटून बसतो. तो ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. चिकटलेला असेल तर काचेसकट फोटो घ्या. काच बाहेरून कोरड्या मऊ फडक्याने पुसा, वर पाणी फवारू नका.

सुटा फोटो असेल आणि जवळ फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर काम सोपं. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० पीपीआय, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल, ठेवा. लांबीला सुमारे ३३०० पिक्सेल मिळतात आणि ३०० पीपीआयने ११ इंची प्रिंट निघते. ऑटो कलर, डस्ट रिमूव्हल, शार्पनिंग, सगळं बंद. फाईल टिफ प्रकारची, ४८ बिट, म्हणजे तिन्ही रंगांना प्रत्येकी १६ बिट. आणि फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. याचं कारण पुढे येईल.

कॅमेऱ्याने घ्यायचा तर फोटोच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत सारखेच दोन दिवे लावा. त्यांचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ९५ च्या आसपास हवा. घरातली ट्यूब आणि खिडकी दोन्ही बंद, कारण दोन जातींचा प्रकाश मिसळला की अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा येतो, आणि तो नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट सुटत नाही. ट्रायपॉड वापरा, कॅमेरा फोटोला समांतर ठेवा, फाईल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः रंग न बदललेली. चांगल्या मोबाईलमध्येही रॉची सोय असते. पहिल्या फ्रेममध्ये फोटोशेजारी ग्रे कार्ड (निव्वळ करड्या रंगाचं कार्ड) ठेवा, जमल्यास चोवीस ठराविक रंगांच्या चौकटींचं कलर चेकर. पुढच्या फ्रेममधून ते काढलं तरी चालतं, फक्त दिवे हलवू नका. जुन्या प्रिंटच्या काळ्या भागावर चांदीसारखी झाक चमकत असेल तर दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर लावा. लेन्सवरचा फिल्टर फिरवता फिरवता ती झाक आणि काचेवरची चमक दोन्ही उडतात.

आता संगणक. स्क्रीन कॅलिब्रेट केलेली, म्हणजे रंग आणि उजेड मोजून ठराविक मापाला आणलेली, नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. लग्नाचे अल्बम करणाऱ्या एखाद्या डिझायनरकडे हे मोजणारा कॅलिब्रेटर असतो, तो एका संध्याकाळपुरता मागून आणा. त्यात मापं अशी ठेवा: पांढरा बिंदू ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२, उजेड चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला. बहुतेक स्क्रीन याच्या दुप्पट उजेडावर ठेवलेल्या असतात, म्हणूनच 'प्रिंट काळी आली' ही तक्रार इतकी ऐकू येते. नाईट लाईट बंद करा. कॅलिब्रेटर मिळालाच नाही तर निदान उजेड कमी करा आणि लॅबमधून आलेली एक प्रिंट शेजारी ठेवून ताडून पाहा.

रॉ फाईल उघडली की व्हाईट बॅलन्सचं (प्रकाशाची झाक काढण्याचं) ड्रॉपर ग्रे कार्डावर टेकवा, फोटोच्या कागदावर नव्हे. कागद पिवळा आहे हीसुद्धा माहितीच आहे, मूळ प्रतीत ती तशीच राहू द्या. काम १६ बिटमध्ये, अ‍ॅडोबी आरजीबी या प्रोफाईलमध्ये करा. मेनूत 'असाइन प्रोफाईल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाईल' असे दोन पर्याय दिसतात. असाइनने आकडे तेच राहतात आणि अर्थ बदलतो, म्हणजे रंग उडी मारतो. कन्व्हर्टने आकडे बदलतात आणि दिसणारा रंग जवळजवळ तोच राहतो. लॅबकडे पाठवताना कन्व्हर्ट लागतं.

रंगीत स्कॅनचा फायदा आता. लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल, म्हणजे एकेका रंगाचे थर, वेगवेगळे उघडून पाहा. पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये काळे दिसतात, लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. दसऱ्याला लावलेल्या कुंकवाचंही तेच. वर्षानुवर्षं काचेवर बोट टेकवून लावलेलं कुंकू कधी कडेने आत झिरपून कागदावर उतरलेलं असतं. लाल चॅनलमध्ये ते विरून जातं आणि खालचा चेहरा मोकळा होतो. फोटो निव्वळ कृष्णधवल असेल तर लाल चॅनलच घेऊन त्याची कृष्णधवल प्रत करा, निम्मी डागडुजी तिथेच संपते.

पण फोटो हाताने रंगवलेला असेल तर हे करू नका. स्टुडिओतल्या कलाकाराने ब्रशने गालांवर गुलाबी आणि फेट्यावर हिरवा हात फिरवलेला असतो. 'ऑटो कलर' त्याला डाग समजून पुसतं. ते रंग खरे असोत की नसोत, त्या फोटोचे ते आहेत.

आता एका क्लिकमध्ये फोटो रंगवून देणाऱ्या अ‍ॅपबद्दल. माझं मत सरळ आहे: सैनिकाच्या फोटोवर ते वापरू नये. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आणि फिल्मवर लाल रंग उमटतच नसे. लाल जवळजवळ काळा येई, निळा फिकट येई, त्वचाही होती त्याहून सावळी दिसे. बर्मा स्टार या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकाच्या रिबनमध्ये (फितीत) मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ असते. ऑर्थो फिल्मवर तिच्या छटांचा क्रम उलटतो. अ‍ॅप त्या करड्या छटांवरून रंग ठरवतं आणि छातीवर भलतंच पदक लावून मोकळं होतं. वीरचक्राची रिबन अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी, महावीरचक्राची अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी. तिथे चुकीचा रंग म्हणजे चुकीचा सन्मान. रंगवायचंच असेल तर सर्व्हिस बुक आणि घरातली पदकं समोर ठेवून, वेगळ्या लेयरवर रंगवा आणि फाईलच्या नावात 'रंगवलेला' असं लिहा.

रिबन फोटोचा काळही सांगतात. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात होत्या, तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. पण त्या युद्धाची ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल ही पदकं १९१९ मध्ये सुरू झाली. छातीवर या दोन रिबन असतील तर तो फोटो मोहिमेवर निघतानाचा नव्हे, परतल्यावरचा. त्यामुळे तो भाग स्वच्छ करताना क्लोन टूल (शेजारचा भाग उचलून डागावर बसवणारं साधन) जपून चालवा.

रंगीत प्रिंटचा आजार वेगळा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या प्रिंट अल्बमच्या अंधारातही लालसर होतात, कारण त्यांतला सायन रंग आधी उडतो. तिन्ही चॅनलच्या लेव्हल्स, म्हणजे गडद-फिकटाच्या मर्यादा, स्वतंत्रपणे ताणा. पांढऱ्या कडेवर भरवसा ठेवू नका, ती स्वतः पिवळलेली असते. काळे बूट, नाहीतर केस करडे येतात का ते बघा.

प्रिंट साताऱ्यात पोवई नाक्यावर काढा की कराडला, लॅबला आधी दोन गोष्टी विचारा: फाईल कोणत्या प्रोफाईलमध्ये हवी, आणि ऑटो करेक्शन बंद ठेवाल का. बहुतेक ठिकाणी एसआरजीबी या प्रोफाईलमधली ८ बिट जेपेग लागते. आधी चार बाय सहाची एक नमुना प्रिंट काढा आणि ती दिवसाच्या उजेडात पाहा, दुकानातल्या ट्यूबखाली नको. कृष्णधवल फोटो रंगीत कागदावर छापला की हलकी झाक येतेच, ती नमुन्यातच पकडा.

मूळ टिफ कधी बदलू नका. तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा. आणि फोटोची पाठही स्कॅन करा. तिथे पेन्सिलीने लिहिलेला सैन्य क्रमांक असतो, कधी स्टुडिओचा शिक्का. शिक्का जांभळ्या शाईचा आणि पुसट असेल तर हिरवा चॅनल उघडा, त्यात तो सगळ्यात ठळक वाचता येतो.