दिवाळीत घरचे फोटो काढताय? या चुका टाळा

दोन वर्षांमागं भाऊबीजेला बेळगावात आमच्या घरी चौदा माणसं जमली होती. पुण्याचे काका-काकू, बेंगळुरूचा भाऊ, चोर्ला घाट चढून आलेली फोंड्याची आत्या. ओवाळणं झालं, जेवणं झाली, पानं खाऊन झाली आणि रात्री साडेदहाला कुणाला तरी आठवलं, सगळ्यांचा एक फोटो राहिलाच! मग सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, ट्यूबखाली, शोकेसपुढं सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. चोवीस फोटो निघाले. अर्धे चेहरे पिवळे, अर्धे निळसर, शोकेसच्या काचेत फ्लॅशचा गोळा, धाकटा भाचा डोळे मिटून पेंगतोय, आणि आई एकातही नाही.

काका म्हणाले, "फोन बदल आता." मी बदलला नाही. त्याच फोननं गेल्या वर्षी काढलेला फोटो आज भिंतीवर आहे. मधल्या वर्षात काय चुकत होतं ते एकेक करून कळलं, तेच इथं लिहितो.

पहिली चूक तर फोटो काढण्याआधीच होते. दिवाळीत घरातल्या प्रत्येकाच्या हाताला काहीतरी लागलेलं असतं. पहाटे अभ्यंगाचं तेल, नंतर उटणं, मग करंजीचं तूप. तोच हात फोनला लागतो. लेन्सवर तेलाचा पुसट थर बसला की फोटो धुरकट येतो आणि पणतीच्या ज्योतीला दोन्ही बाजूंना लांब रेघा फुटतात. लोक म्हणतात, कॅमेरा गेला. धुतलेल्या मऊ सुती कापडानं लेन्स पुसा. जुनं धोतर यासाठी उत्तम. आणि नरकचतुर्दशीला अंगणातल्या थंडीतून फोन थेट न्हाणीच्या वाफेत नेलात तर काचेवर दव धरतं. तेव्हा पुसत बसू नका, पाच मिनिटं थांबा, आपोआप जातं. पोरांच्या आंघोळीचे फोटो घरच्यांपुरते ठेवावेत, स्टेटसला लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

उजेड कुठून येतो ते न बघणं

सगळ्यात जास्त फोटो इथं मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेळगावातल्या शहापूर, अनगोळ, वडगावच्या जुन्या गल्ल्यांतली घरं भिंतीला भिंत लागून. उजेड पुढच्या दारातून आणि मागच्या परड्यातून, मधली खोली भरदुपारीही अंधारी. आपण काय करतो? दार फोटोत छान दिसतं, तोरण आहे, रांगोळी आहे, म्हणून माणसाला उंबऱ्यावर उभं करतो आणि स्वतः आतून फोटो काढतो. कॅमेरा बाहेरच्या झगझगीत उजेडाचा हिशेब धरतो आणि आज्जीचा चेहरा काळाठिक्कर पडतो. आज्जीला आत घ्या, तुम्ही दाराकडं जा. तिचं तोंड दाराकडं, तुमची पाठ दाराकडं, थोडं बाजूला सरकून, म्हणजे तुमची सावली तिच्यावर पडणार नाही. एवढ्या अदलाबदलीनं सुरकुतीन् सुरकुती, नथीचा मोती, इरकलीचा पदर सगळं उठून येतं.

दार बाजूला असेल तर चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी अंधारी राहते. अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर धरून कुणाला तरी उभं करा. उजेड तिच्यावरून परत चेहऱ्यावर येतो. रिकामटेकडा भाऊ या कामाला चांगला.

कौलारू घरात काचेचं कौल असतं. त्यातून जमिनीवर पडणाऱ्या उन्हाच्या चौकोनात माणसाला बसवू नका. कपाळ पांढरंफटक आणि डोळ्यांखाली खड्डे दिसतात. त्या चौकोनाच्या कडेला, हातभर लांब बसवा. तिथं उजेड मऊ असतो.

आणि भिंत! खानापूरकडच्या कितीतरी घरांत अजून हिरवा नाहीतर निळा ऑइलपेंट आहे. त्या भिंतीला टेकून काढलेल्या फोटोत माणूस आजारी दिसतो, कारण भिंतीचा रंग गालावर उतरतो. भिंतीपासून चार पावलं पुढं आणा.

आता त्या पिवळ्या-निळ्या चेहऱ्यांचं. खिडकीतला दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्विनचा, पिवळा बल्ब 2700 च्या आसपासचा आणि पांढरी एलईडी ट्यूब बहुतेक 6500 ची. आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. तिन्ही एकदम चालू असले तर फोननं कुणाचं ऐकायचं? एकाचं ऐकतो, बाकीचे दोन रंग चेहऱ्यावर राहतात. उपाय फुकटचा आहे. दिवसा फोटो काढताना घरातले सगळे दिवे बंद करा. रात्री एकाच जातीचे दिवे चालू ठेवा. आमच्याकडं यावरून दरवर्षी कुरबूर होते, "सणासुदीला अंधार काय करतोस?" दोन मिनिटांचा अंधार आहे, सोसावा.

वेळ चुकवणं

आपल्याकडं दिवाळीच्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरची वीस-बावीस मिनिटं म्हणजे सोनं. आभाळ गडद निळं असतं, काळं पडलेलं नसतं, आणि आकाशकंदील, पणत्या, माळा यांचा उजेड त्या निळ्याशी जुळतो. साडेसहा वाजले की आभाळ काळं होतं आणि कंदिलाचा नुसता पांढरा गोळा उरतो. म्हणून घरच्यांना साडेपाचला तयार व्हायला सांगा. साडेपाच सांगितलं की सहाला येतात, हा अनुभव आहे.

पणत्यांच्या फोटोत दोन गोष्टी बिघडतात. एक, फोनला अंधार दिसतो म्हणून तो सगळं उजळून टाकतो, ज्योत पांढरी होते आणि खापराचा रंगच जातो. आमच्याकडं खानापूरच्या कुंभारांच्या पणत्या येतात, त्यांचा तांबूस रंग हीच तर शोभा. स्क्रीनवर ज्योतीजवळ बोट ठेवून दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथंच कुलूपबंद होतो. मग शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढा. दोन, पणती जमिनीवर आणि माणूस वाकलेला असला की उजेड हनुवटीखालून लागतो आणि सुनेची हडळ होते. पणत्या तुळशीच्या कट्ट्यावर नाहीतर उंच स्टुलावर ठेवा, छातीच्या उंचीला, आणि एक नको, पाच-सहा एकत्र. फ्लॅश अजिबात नको. फोनचा फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पलीकडं पोचत नाही आणि पणतीचा सगळा जीव घालवतो.

व्हिडिओत एलईडी माळा लुकलुकतात किंवा आडवे पट्टे सरकतात, तेव्हा माळ खराब नसते. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर असेल तर ते 50 वर ठेवा. अमेरिकेतून आणलेला फोन कधीकधी 60 वर असतो.

चौदा माणसं, एक फोन

मागं सरकायला जागा नाही म्हणून अर्धा एक्स (0.5x, जास्त रुंद दिसणारी लेन्स) दाबला की कडेची माणसं ताणली जातात. आमच्या काकूंना मी कडेला उभं केलं होतं. फोटो बघून त्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांचा काही दोष नाही, लेन्सचा आहे. मोठा फोटो सोप्यात काढूच नका. अंगणात या, नाहीतर गल्लीत या, आणि साध्या एक एक्सवर मागं सरका. आज्जा-आज्जी खुर्चीवर, पोरं खाली चटईवर, बाकीचे मागं उभे. कॅमेरा बसलेल्यांच्या डोळ्यांच्या थोडा वर. डोळे मिटण्यावर जुना तोडगा आहे: सगळ्यांना डोळे मिटायला सांगा आणि "तीन"ला उघडायला. लगेच आठ-दहा फोटो सलग घ्या.

"हसा" म्हणू नका. हसा म्हटलं की आज्जा दात दाखवतात, हसत नाहीत. आमचे शेजारी कन्नड, ते "स्वल्प नग्री!" (जरा हसा!) म्हणाले तेव्हा मात्र सगळे खरोखर हसले, कारण आज्जांना वाटलं नगरीचं काहीतरी विचारतायत.

आता फोटोत नसलेल्यांविषयी. एक, फोटो काढणारा. तांदळानं भरलेल्या डब्याला फोन टेकवा, रबरानं बांधा, दहा सेकंदांचा टायमर लावा. दुसरी, स्वयंपाकघरातली. हाक मारली की आई म्हणते, "आलो असतो खरं, तेल तापलंय की!" (आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात, आणि 'खरं' म्हणजे 'पण'.) तिला बाहेर ओढू नका, तुम्ही आत जा. ओट्याची खिडकी तिच्या बाजूला येईल असे उभे राहा. चकलीचा सोऱ्या दाबणारे हात, पिठानं माखलेल्या बांगड्या, कढईकडं बघणारे डोळे. तयार होऊन सोफ्यावर बसलेल्या आईपेक्षा हा फोटो मला जास्त आवडतो. तिला आवडत नाही, साडी साधी आहे म्हणून.

पोर्ट्रेट मोड नथ आणि गजऱ्याच्या कडा खातो, तेव्हा दागिने घातलेल्या बाईला साधाच मोड बरा. ब्युटी फिल्टर बंद. त्यानं आज्जीच्या कपाळावरचं गोंदण पुसलं होतं.

किल्ला उभ्यानं काढणं

बेळगावात दिवाळीला किल्ला नसेल ते घर कसलं? पोरं आठवडाभर चिखलात बसून तट, बुरूज, तळं, मोहरी पेरून केलेलं रान, मावळे असं सगळं उभारतात आणि मोठी माणसं उभ्या उभ्या वरून फोटो काढतात. वरून तो मातीचा ढीग दिसतो. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीला लागते, आणि पायथ्याच्या मावळ्याच्या उंचीवरून वर बघा. मग बुरूज आभाळात शिरतो. पोरांना किल्ल्यामागं ओणवं बसवा, तटावरून डोकावू दे. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, कारण तिरप्या उन्हातच तटाच्या भेगा आणि पायऱ्या दिसतात. पाडव्याला शेणाचे पांडव करतात, त्यांनाही हीच युक्ती.

बांधकाम चालू असतानाचे फोटोही घ्या. पूर्ण झालेला किल्ला सगळ्यांकडं असतो, कोपरापर्यंत चिखल माखलेली पोरं कुणाकडंच नसतात.

नंतरचा गोंधळ

ऐन ओवाळताना "मेमरी फुल" येतं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी सुप्रभातचे सगळे गुलाब उडवून टाका. फोटो घरच्या ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ते चेपून लहान करतं आणि पुण्याच्या काकांकडं छापण्याजोगं काही पोचत नाही. सहा बाय चार इंचाच्या स्वच्छ छपाईला 1800 बाय 1200 पिक्सेल लागतात, आठ बाय बाराला 3600 बाय 2400. म्हणजे तुमच्या फोनचा मूळ फोटो पुरतो, चेपलेला पुरेलच असं नाही.

आणि निदान दहा तरी छापून घ्या. अल्बमच्या पानावर, फोटोखाली, नावं आणि साल लिहा. फोटोच्या पाठीवर बॉलपेननं दाबून लिहिलं तर ते पुढं उठतं. आमच्या घरी आज्जांच्या लग्नाचा एक काळा-पांढरा फोटो आहे, त्यात डावीकडून तिसरी एक बाई आहे, नऊवारीत, कडेवर मूल. आत्या म्हणते ती निपाणीची मावशी. काका म्हणतात छे, ती चिक्कोडीची. दर दिवाळीला फराळ संपेपर्यंत हा वाद चालतो.