हात लावण्यापूर्वीचे रीडिंग

अणुवीज केंद्रातील सुरक्षा चाचण्यांचे निकाल तपासण्याच्या कामावर नव्याने रुजू होणाऱ्यांना कार्यपद्धती, स्वीकारमर्यादा आणि वेळापत्रक यांची माहिती प्रशिक्षणात मिळालेली असते, म्हणून मी त्यावर लिहीत नाही. मी लिहिते आहे ते कॅलिब्रेशनच्या, म्हणजे उपकरण अचूक मोजते का हे तपासून ते जुळवण्याच्या, तक्त्यातील दोन रकान्यांविषयी, कारण त्यांतला चुकीचा रकाना मी जवळजवळ दोन वर्षे वाचत होते आणि ते आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होते.

दाब मोजून तो विद्युतप्रवाहाच्या रूपात कळवणाऱ्या ट्रान्समीटरला तंत्रज्ञ ठरावीक दाब देतो आणि 4 ते 20 मिलिॲम्पिअरच्या पट्ट्यात किती प्रवाह मिळतो ते नोंदवतो. मध्यबिंदूवर 12.00 यायला हवे. पट्ट्याच्या अर्ध्या टक्क्याची सूट असेल, तर 11.92 ते 12.08 पर्यंत चालते. उपकरणाला हात लावण्यापूर्वी मिळाले ते 'ॲज फाउंड' आणि जुळवणी करून सोडले ते 'ॲज लेफ्ट'. मी दुसरा रकाना पाहून सही करत असे. तिथे दर वेळी 12.00 होते आणि शेरा 'समाधानकारक' असा होता. पहिल्या रकान्यात मात्र 12.05, पुढच्या वेळी 12.07, त्यानंतर पुन्हा 12.07 असे आकडे होते. तीनही मर्यादेत होते, परंतु तीनही एकाच बाजूला सरकलेले होते, आणि तेही दर वेळी 12.00 वर आणून ठेवल्यानंतर. चौथ्या वेळी 12.11 आले, तेव्हा मी मागचे कागद काढून बसले.

जुळवणीनंतरचा आकडा तंत्रज्ञाचे काम नीट झाले एवढेच सांगतो. काल रात्री गरज पडली असती तर या उपकरणाने काय केले असते, हे केवळ पहिला आकडा सांगतो, आणि चाचणी त्यासाठीच असते. शिवाय दिशा पाहा. दाब घटल्यावर अणुभट्टी बंद करण्याचा आदेश ज्या ट्रान्समीटरवरून निघतो, तो जास्त दाखवत असेल, तर आदेश उशिरा निघेल. कमी दाखवत असेल, तर लवकर निघेल. आकडा तेवढाच, पण अर्थ पूर्ण वेगळा.

हीच चूक इतर चाचण्यांत वेगळ्या रूपाने येते. आणीबाणीचा डिझेल जनरेटर ठरलेल्या सेकंदांत सुरू होतो का हे पाहायचे असताना त्याला आधीच फिरवून घेतले, किंवा अडकणारा व्हॉल्व्ह चाचणीपूर्वी वंगण लावून मोकळा केला, तर निकाल चांगला येतो आणि माहिती कायमची जाते. पहिला निकाल लिहून ठेवल्याशिवाय दुसरी चाचणी कोणालाही घेऊ देऊ नका. याबाबतीत ज्येष्ठतेचा मुलाहिजा ठेवू नका.

चाचणीनंतरची स्थितीही तितकीच तपासायची असते. 1979 मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातील अपघाताच्या वेळी आणीबाणीच्या पाणीपुरवठ्यातील दोन व्हॉल्व्ह बंद राहिले होते आणि ते लक्षात यायला सुमारे 8 मिनिटे गेली. त्या यंत्रणेची चाचणी दोनच दिवसांपूर्वी झाली होती. म्हणून व्हॉल्व्ह पूर्ववत केल्याची नोंद आणि तिची स्वतंत्र पडताळणी हाही निकालाचाच भाग समजा.

मर्यादेबाहेरचा आकडा पाहून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. ट्रिपचा सेटपॉइंट, म्हणजे ज्या आकड्याला अणुभट्टी बंद करण्याचा आदेश निघतो तो, आणि सुरक्षा विश्लेषणात गृहीत धरलेली मर्यादा यांत अंतर ठेवलेले असते, आणि उपकरणाची त्रुटी व सरकणे यांसाठीच ते असते. 12.11 म्हणजे संरक्षण संपले असे नव्हे. ते उरले होते की नाही, हे मागील चाचणीपासूनच्या संपूर्ण काळासाठी तपासून लिहावे लागते. नवा अहवाल लिहिताना मागच्याची प्रत घेऊन त्यात फक्त आकडे बदलण्याची सवय मला घातक वाटते, कारण त्याबरोबर मागचा निष्कर्षही नव्या अहवालात उतरतो. आणि मार्गदर्शक निवडता आला, तर भराभर सह्या करणाऱ्यापेक्षा ज्याने स्वतः ट्रान्समीटर उघडला आहे त्याच्याकडे जा. मला पहिला रकाना बोट ठेवून दाखवला तो अशाच एका तंत्रज्ञाने.

त्या दिवशी आम्ही तोच दाब स्वतंत्रपणे मोजणाऱ्या उरलेल्या तीन चॅनेलच्या नोंदीही काढल्या. दोन स्थिर होते. तिसरा 12.04 वरून 12.06 वर आला होता, त्याच दिशेने; तो अजून मर्यादेत असूनही आम्ही त्याच्या दोन चाचण्यांमधील अंतर कमी केले.